उंबऱ्याचा आकडा: पूरपट्ट्यातल्या घराचा धोका कसा मोजायचा आणि विमा कसा घ्यायचा

जुलैचा दुसरा आठवडा लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना फक्त "किती झालं?" एवढंच विचारतात. कशाचं, ते सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट किती इंच झाली, हा तो प्रश्न. 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्याच माणसाला विचारा, "तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटांना लागतं?" बहुतेक जण एकच उत्तर देतात: "आमच्याकडं 2005 ला आलं नव्हतं."

आमच्या घरीही हेच उत्तर होतं. शाहूपुरीच्या खालच्या अंगाला, जयंती नाल्यापासून दोन गल्ल्या आत आमचं घर आहे. 2005 च्या महापुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, दोन दिवस थांबलं आणि परतलं. वडिलांनी त्यावरून कायमचा निकाल देऊन टाकला. 2019 च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं आणि आमच्या बाहेरच्या खोलीत फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी फ्रीज माळ्यावर होता आणि कपाटात धड विमा पॉलिसी होती.

या दोन पुरांच्या मध्ये जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय. कोल्हापूर-सांगलीचं मला नीट माहीत आहे म्हणून उदाहरणं तिकडची जास्त. चिपळूण, महाड, पुणे, मुंबईच्या वाचकांना कुठं हिशेब बदलावा लागेल तेही सांगतो.

आधी उंबऱ्याचा आकडा काढा

विमा एजंटला फोन करायच्या आधी हे काम करा. खर्च जवळपास शून्य, वेळ एक रविवार.

तुमच्या घरावर किंवा आसपासच्या एखाद्या भिंतीवर मोठ्या पुराची खूण शोधा. कोल्हापूर-सांगलीत अनेकांनी ती रंगानं करून ठेवली आहे. नसेल तर चुन्याच्या भिंतीवर मातकट रेघ अजून दिसते, मीटरच्या पेटीवर दिसते, जुन्या दाराच्या चौकटीवर तर हमखास. खूण शेजारच्या गल्लीत असेल तर गवंड्याची लेव्हलची पाइप घ्या. ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी असते. तिच्यात पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एकानं एक टोक, आतलं पाणी बरोबर खुणेला येईल असं, धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक आपल्या दारात. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला थांबतं. त्या पातळीपासून खाली उंबऱ्यापर्यंत टेप लावा.

आमच्याकडं हे अंतर साडेचार फूट निघालं. 2019 ला बंधाऱ्यावरची सर्वांत वरची पातळी होती साधारण साडेपंचावन्न फूट. साडेपंचावन्नातून साडेचार गेले, राहिले 51. हा आमच्या उंबऱ्याचा आकडा. रेडिओवर "पन्नास फूट" ऐकलं की आता घरातल्या कुणालाही विचारावं लागत नाही.

हा आकडा इंचापर्यंत बरोबर असतो असं समजू नका. बंधारा कसबा बावड्याच्या बाजूला, शहराच्या खालच्या अंगाला आहे. नदीला उतार असतो, शिवाय शहरात वरून पाऊस कोसळत असेल तर नाल्याचं पाणी नदीच्या आधीच चढतं. म्हणून पुढच्या पुरात, सुरक्षित असाल तेव्हा, पाणी उंबऱ्याला लागल्याची वेळ टिपून ठेवा आणि त्या तासाला बंधाऱ्यावर किती होतं ते जुळवा. 2021 ला आमचा उंबरा 50 फूट 8 इंचांना भिजला. हिशेब चार इंचांनी चुकला होता.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा, तो म्हणजे रस्त्याचा. आमचा उंबरा 51 वर असला तरी गल्लीतून मुख्य रस्त्याला जाणारा खोलगट तुकडा 48 लाच बुडतो. म्हणजे घर कोरडं असताना आम्ही बेटावर. बाहेर पडायचं ते रस्त्याच्या आकड्यावर. म्हाताऱ्या माणसांना, गाईगुरांना आणि गाड्यांना त्याच्याही एक फूट आधी. 2019 ला शेकडो लोक छपरांवर अडकले; नुसता घराचा आकडा धरून बसलं की तसंच होतं.

सांगलीत हाच हिशेब आयर्विन पुलावरून करायचा. तिथं इशारा 40 फुटांना, धोका 45 ला, आणि 2019 ला पाणी 57 च्या पुढं गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना आपला आकडा पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतो, कारण त्यांच्याकडं पाणी सगळ्यात आधी येतं. अडचण होते ती त्यांच्या वरच्या टप्प्यात राहणाऱ्यांची, ज्यांच्याकडं दहा-पंधरा वर्षांतून एकदा येतं.

चिपळूणला मात्र फुटांचा हिशेब एकटा पुरत नाही. पंचगंगा आणि कृष्णा इंचाइंचानं चढतात, दोन-तीन दिवस विचार करायला देतात. वाशिष्ठी तसं करत नाही. 22 जुलै 2021 ला पहाटे झोपेतून उठेपर्यंत पाणी घरात होतं. वरून सह्याद्रीतला पाऊस आणि खालून समुद्राची भरती, अशा कात्रीत ते गाव आहे. चिपळूण, महाड, खेड इथं राहणाऱ्यांनी भिंतीवर पुराच्या खुणेशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टकही लावावं. भरतीच्या तासाला घाटमाथ्यावर मुसळधार चालू असेल तर पुलावरच्या पातळीची वाट बघू नये.

पाणी नेमकं कुठून येतं?

नदी समोरच्या दारानं येते असं चित्र डोक्यात असतं. आमच्याकडं ती संडासातून आली. नदीची पातळी वाढली की तिला मिळणारे नाले उलटे भरतात. आमच्या भागात याला फूग म्हणतात. जयंती नाल्याला फूग आली की गटारांचे चेंबर उसळतात आणि तळमजल्याच्या न्हाणीघरातून काळं पाणी वर येतं, तेव्हा अंगणात अजून पाणी नसतं. ड्रेनेजच्या पाइपला उलट पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो नसेल तर संडासाच्या भांड्यात वाळूची छोटी पोती दाबून ठेवा. नदी उंबऱ्यावरून आत आली तर दोन्हींचा उपयोग नाही, पण फूग एक-दोन फुटांचीच असेल तर घर वाचतं.

हीच फूग मोठ्या प्रमाणावर शिरोळ तालुक्यात दिसते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं पसरतं. म्हणून शिरोळच्या गावांत पाऊस थांबल्यावरही आठ-आठ दिवस पाणी हलत नाही. विम्याच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. चार तास भिजलेलं घर आणि आठ दिवस पाण्यात उभं राहिलेलं घर यांचं नुकसान एकसारखं नसतं. मातीच्या भिंती दुसऱ्या दिवसानंतर ढासळायला लागतात.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे हा कोल्हापूरकरांचा दुसरा घड्याळाचा काटा. सात दरवाजे, पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडतात. कुणाला विचारत नाहीत. "राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला" ही बातमी म्हणजे भोगावतीतून येणारं पाणी शहराकडं निघालं. सांगलीकरांनी कोयनेच्या विसर्गाकडं बघावं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो की नाही, यावर चहाच्या टपरीवर कितीही भांडा, मी स्वतःही भांडतो, पण उद्या सकाळी गाडी हलवायची की नाही हे त्या भांडणातून कळत नाही. ते कळायला वरच्या धरणांचा विसर्ग, पाणलोटातला पाऊस आणि बंधाऱ्यावरची पातळी दर तासाला किती इंचांनी चढतेय, हे तीन आकडे पुरतात. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक लक्षात ठेवा. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया हे ॲपही मोबाइलवर असू द्या.

निळी रेषा, लाल रेषा

जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तिथं घर बांधायला परवानगी नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते.

"100 वर्षांतून एकदा" हे शब्द फसवे आहेत. ते ऐकून माणूस म्हणतो, 2019 ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळेला. 2021 ला दोनच वर्षांत पुन्हा आला. खरा अर्थ असा की दरवर्षी 100 मध्ये 1 शक्यता. आता ही शक्यता आपल्या गृहकर्जाला लावून बघा. कर्ज 20 वर्षांचं. घर लाल रेषेवर असेल तर त्या 20 वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता साधारण 18 टक्के. निळ्या रेषेवर असेल तर 56 टक्के. म्हणजे कर्ज फिटायच्या आत पूर येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त. फ्लॅट बघायला गेल्यावर बिल्डर हे सांगत नाही.

रेषा बघायच्या कुठं? शहरात महापालिकेच्या नगररचना विभागात, विकास आराखड्याच्या नकाशावर. गावात पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन जा. "नकाशा साहेबांच्या टेबलावर आहे" असं उत्तर दोनदा मिळालं की तिसऱ्यांदा जाऊ नका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका.

आणि नकाशावर घर रेषेच्या बाहेर दिसलं तरी उंबऱ्याचा आकडा काढाच. पुण्यात मुठेची निळी रेषा 60,000 क्युसेक आणि लाल रेषा 1,00,000 क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून साधारण 35,000 क्युसेक सोडल्यावरच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. पात्र भरावानं अरुंद झालं की कागदावरची रेषा मागं राहते. मुंबईत तर नदीचीही गरज पडत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठी नदीपासून लांब असलेले तळमजलेही बुडाले होते.

तुमच्याकडं विमा आहे असं तुम्हाला वाटतं, तो कसला आहे?

2019 च्या पुरानंतर मी मोठ्या आत्मविश्वासानं बँकेत गेलो. गृहकर्ज देताना विम्याचे पैसे कापले होते, पावती होती. काउंटरवरच्या बाईंनी पावती बघितली आणि शांतपणे सांगितलं, "सर, हा तुमचा विमा आहे, घराचा नाही." म्हणजे मी मेलो असतो तर कर्ज फिटलं असतं. घर बुडालं तर काही नाही. कर्जासोबत येणारी पॉलिसी बहुतेक वेळा अशीच असते. आजच काढून बघा. विमाधारकाच्या आयुष्याला संरक्षण आहे की इमारतीला?

नशिबानं दुसऱ्या फाइलमध्ये बँकेनंच काढलेली इमारतीचीही पॉलिसी निघाली. तिची कथा आणखी बोधप्रद. विम्याची रक्कम होती 8 लाख, कारण आमचं कर्ज तेवढं होतं. बँकेनं आपलं कर्ज झाकलं, आमचं घर नाही. घर पुन्हा बांधायला 16 लाख लागले असते. सर्व्हेअरनं, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनीनं नेमलेल्या माणसानं, भिंती, फरशी, वायरिंग मिळून 1 लाख 90 हजारांचं नुकसान मान्य केलं आणि निम्मं कापलं. विमा अर्ध्याच किमतीचा होता म्हणून भरपाईही अर्धी. याला कमी विम्याची सरासरी म्हणतात. हाती 95 हजार आले. फ्रीज, टीव्ही, गाद्या, धान्य यांचे शून्य, कारण पॉलिसी फक्त इमारतीची होती.

एप्रिल 2021 पासून चित्र बदललंय. विमा नियामक आयआरडीएआयनं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारख्या मसुद्याची पॉलिसी विकायला लावली. कंपनी कुठलीही असो, मूळ कलमं तीच. पुराच्या दृष्टीनं तिच्यातल्या या गोष्टी कामाच्या:

- पूर, जलमय होणं, वादळ, भूकंप, दरड हे मूळ संरक्षणातच येतं. पूर्वी हप्ता कमी दाखवायला पुराचं कलम काढून पॉलिसी विकली जायची, तो प्रकार इथं नाही.
- इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. जास्त हवं असेल तर यादी देऊन वाढवता येतं.
- क्षेत्रफळ आणि बांधकामाचा खर्च खरा सांगितला असेल तर कमी विम्याची कात्री लागत नाही. माझे 95 हजार ज्या कलमानं गेले ते गेलं.
- पूर आल्यापासून 7 दिवसांत, त्या पुरामुळंच झालेली चोरी धरली जाते. घर सोडून छावणीत गेलेल्यांना हे कलम सोन्यासारखं आहे.
- घर राहण्याजोगं नसेल त्या काळात दुसरीकडं भाड्यानं राहण्याचा खर्च, मर्यादेत, मिळतो. राडारोडा हटवायला दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत.

दागिने आणि मौल्यवान वस्तू यात आपोआप येत नाहीत, त्यांचं वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं. रोख रक्कम येत नाही. गाडी येत नाही.

रक्कम कशी ठरवायची

विमा जमिनीचा नसतो. कोल्हापुरात नाल्याकाठच्या गुंठ्याला काय भाव आहे आणि एजंटनं घराची किंमत 60 लाख लावली, तर जास्तीचा हप्ता वाया जाईल. पुरानं जमीन वाहून जात नाही, भिंत जाते. सूत्र साधं आहे: कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकाम खर्च. 800 चौरस फुटांचं घर आणि गावातला कंत्राटदार 2,000 रुपये फूट म्हणत असेल तर 16 लाख. कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी यांचा खर्च वर धरा. आमच्याकडं सगळ्यात आधी कंपाउंडच पडलं होतं. दर एजंटला नाही, दोन गवंड्यांना विचारा.

आता सामान. 16 लाखांच्या 20 टक्के म्हणजे 3 लाख 20 हजार. एका कागदावर उंबऱ्यापासून पाच फुटांपर्यंत काय काय आहे ते लिहा. वॉशिंग मशीन, फ्रीज, सोफा, दिवाणाच्या आतलं सगळं, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, इन्व्हर्टर, वर्षाचं धान्य. आमची बेरीज चार लाखांच्या वर गेली, म्हणून सामानाची रक्कम वाढवून घेतली. जीएसटी धरून वर्षाचा हप्ता गॅसच्या दोन सिलिंडरांच्या आसपास बसतो. तुमचा थोडा वरखाली होईल, पण घरविमा महाग असतो ही समजूत बहुतेकांनी चौकशी न करताच करून घेतलेली असते. पॉलिसी 10 वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि इमारतीची विमा रक्कम दरवर्षी 10 टक्के आपोआप वाढते.

प्रस्तावाच्या अर्जात दोन गोष्टी लपवू नका. एक, भिंती मातीच्या किंवा कुडाच्या असतील तर तसं लिहा. कच्च्या बांधकामाचे नियम वेगळे असतात, आणि पक्कं सांगून कच्चं निघालं तर दावा तिथंच बुडतो. दोन, 2019 आणि 2021 ला पाणी आलं होतं हे विचारलं तर सांगा. भिंतीवर खूण आहे, सर्व्हेअरला डोळे असतात. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि गावाकडचं घर कुलपात असेल तर घर बंद असतं हेही कंपनीला लेखी कळवा.

भाडेकरूला फक्त सामानाची पॉलिसी घेता येते. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, इमारतीच्या विम्याबाबत आग आणि भूकंपाचा उल्लेख आहे. म्हणून अनेक सोसायट्यांची पॉलिसी तेवढ्यावरच थांबते आणि तळमजल्याचं वायरिंग, पंप, लिफ्टचा खड्डा उघडे राहतात. वरच्या मजल्यावरच्यांना वाटतं आपल्याला काय करायचंय. लिफ्ट बंद पडल्यावर वाटत नाही.

गाडीचं वेगळं. सर्वसमावेशक मोटार विम्यात पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला गेल्यावर इंजिनात पाणी ओढलं जातं, ते नुकसान इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड संरक्षण नसेल तर सहसा नाकारतात. पाणी उतरल्यावर किल्ली फिरवायचा मोह आवरा. टोइंग बोलवा.

पॉलिसी घ्यायची वेळ मे महिना. पाणी पात्राबाहेर पडल्यावर एजंटला फोन करणारे दरवर्षी भेटतात.

सरकारी मदत मिळतेच की?

मिळते, पण आकडे बघा. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि कपडे, भांडी यांना कुटुंबामागं प्रत्येकी अडीच हजार असे आकडे ठरले होते. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. ती मदत आधार म्हणून आहे, भरपाई म्हणून नाही. तलाठ्याचा पंचनामा मात्र आवर्जून करून घ्या आणि प्रत ठेवा. विमा कंपनीचा सर्व्हे वेगळा असतो, पण पाणी खरंच आलं होतं याचा सरकारी कागद तिथंही उपयोगी पडतो.

पाणी उतरल्यावरचे पहिले तीन दिवस

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथली. 2019 ला पाणी उतरलं, घरात चार बोटं गाळ, वास असा की नाकाला पदर लावून आई दारातच उभी. कचऱ्याचा टिपर गल्लीत आला, स्वयंसेवक पोरं मदतीला आली आणि अर्ध्या तासात गाद्या, सोफा, फ्रीज, पुस्तकं सगळं टिपरमध्ये. घर स्वच्छ झालं. चार दिवसांनी सर्व्हेअर आला आणि म्हणाला, "सामान दाखवा." सामानाला तेव्हा विमा नव्हता म्हणून नुकसान झालं नाही, पण दारं आणि स्वयंपाकघरातलं लाकूडकाम इमारतीत मोडत होतं आणि तेही टिपरमध्ये गेलं होतं. त्याचे पैसे यादीतून गेले.

2021 ला क्रम उलटा केला. आधी मोबाइलवर व्हिडिओ: दारापासून सुरू, प्रत्येक खोली, भिंतीवरच्या ओल्या रेघेला टेप लावून. मग कंपनीला फोन आणि लगेच ईमेल, दावा क्रमांक वहीत. मग एकेक वस्तू बाहेर काढून फोटो. फ्रीज, मशीन, टीव्ही यांच्या मागं मॉडेल आणि सिरियल नंबरचं स्टिकर असतं, त्याचा जवळून फोटो. कुजणारं, वास मारणारं टाकायलाच हवं, घरात रोगराई नको. पण टाकण्याआधी कंपनीला ईमेल पाठवा की अमुक वस्तू आरोग्यासाठी टाकाव्या लागत आहेत, फोटो जोडले आहेत. गादीच्या कापडाचा एक तुकडा, दाराची एक फळी, तुटलेल्या फरशीचा एक तुकडा पोत्यात भरून गच्चीवर ठेवा. सर्व्हेअरला हात लावायला काहीतरी लागतं.

कागद पुराच्या आधीच माळ्यावर आणि मोबाइलमध्ये असायला हवेत: पॉलिसी, प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, मोठ्या वस्तूंची बिलं. बिलं नसतील तर घाबरू नका. दिवाळीचे, वाढदिवसाचे फोटो शोधा, मागं सोफा आणि टीव्ही दिसतातच. आम्ही भाचीच्या बारशाच्या फोटोवर शिलाई मशीन सिद्ध केलं.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. भिंती वाळेपर्यंत रंग देऊ नका, आतली ओल बुरशी होऊन बाहेर येते. आणि मुरलेली जुनी ओल पुराच्या नावावर खपवायचा प्रयत्न करू नका, सर्व्हेअरला ती ओळखता येते आणि मग तो बाकी खऱ्या नुकसानाकडंही संशयानं बघतो.

दावा अडला तर

नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीनं निर्णय घ्यायचा. महापुरात अख्खा जिल्हा एकदम दावा करतो, तेव्हा हे दिवस पुढं सरकतात. तरी तारखा लिहून ठेवा आणि प्रत्येक फोननंतर एका ओळीचा ईमेल टाका: "आज अमुक वाजता बोलणं झालं, अमुक सांगण्यात आलं." सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा. कापलेली रक्कम कुठल्या कलमाखाली कापली, ते विचारा. "पॉलिसीत बसत नाही" हे उत्तर कलम क्रमांकाशिवाय घेऊ नका.

तरी हललं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार. सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर नोंद. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं.

आमच्या 2021 च्या दाव्यात कंपनीनं सामानाच्या यादीतली पिठाची गिरणी "व्यावसायिक" म्हणून कापली. आई शेजारणींचं दळण दळून द्यायची, पण पैसे घेत नव्हती. मी वीज बिल जोडलं, घरगुती दराचं, आणि एक पानी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी गिरणीचे पैसे जमा झाले.